एकोणतीस

काचेची प्रत्येक वस्तू आधी भट्टीत,
साडेचारशे अंश, पाच तास.
मग कुणी शिवायचं नाही.
असलं सोवळं मी घरी कधी पाळलं नाही.

महाप्यात, रंगाच्या गोदामामागे आमची प्रयोगशाळा.
तिथे ऐरोलीच्या पुलाखालचा चिखल
गोठवून, सुकवून, चाळून
अकरा ग्रॅम.
एवढ्यात किती वर्षांची पानगळ मावते
ते अजून ठरायचंय.

कागदी टोपीत भरून सॉक्सलेटमध्ये ठेवला.
खाली डायक्लोरोमिथेन उकळतं,
वर जाऊन गार होतं,
थेंबाथेंबानं चिखलात मुरतं,
आणि काठोकाठ आलं की एका दमात खाली.
दर बारा मिनिटांनी भरती, बारा मिनिटांनी ओहोटी.
बामा मढवीला सांगितलं असतं तर म्हणाला असता,
मग मासली कवा मारायची?

त्याच्याच होडीतून गेलो होतो.
नळी चिखलात चौऱ्याण्णव सेंटिमीटर उतरली,
वर येताना तळाचा गोळा सुटायला लागला
तेव्हा त्यानं उघड्या अंगठ्यानं तो आत दाबला.
धरा, परंल!
मी हातमोजे घालून बघत राहिले.

तिवराचं पान मीठ अंगाबाहेर टाकतं,
जीभ लावून बघा.
आणि वरून मेण चढवून घेतं,
पाणी घरातल्या घरात राहावं म्हणून.
पान कुजतं, मेण मागे राहतं,
त्यात झाडानं प्यालेल्या पाण्याचा हायड्रोजन,
हलका किती, जड किती.
मला तेवढंच हवंय.

मेणाच्या साखळ्या विषम:
सत्तावीस, एकोणतीस, एकतीस.
आपण आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो,
झाडाकडे तीस असतात,
ते एक सोडून देतं.

पहिला आलेख आला तो पारसिकच्या डोंगरासारखा,
भलंमोठं कुबड.
ते खाडीतलं तेल: इंजिनांचं, कारखान्यांचं,
थोडं बामाच्या होडीचंही असेल.
त्या कुबडावर माझी शिखरं
उतारावरच्या झुडपांएवढी.
आणि अठ्ठावीस-एकोणतिसाच्या मधोमध
एक परकं, तरतरीत, उंच.

स्क्वालीन.
माणसाच्या कातडीचं तेल.

मी त्या शिखराकडे बराच वेळ बघितलं.
होडीच्या भाड्याच्या पावतीवर बामानं
पूर्ण नावाची लफ्फेदार सही केली होती,
ब ला शेपूट काढून.
अंगठा उठवला तो फक्त इथे.

काढायला तर हवाच.
सिलिकावर चांदीचं मीठ चढवलं,
कॉलम फॉइलमध्ये गुंडाळला, उजेडाला ते काळं पडतं.
वरून हेक्सेन.
ज्यांच्यात दुहेरी बंध आहेत त्यांना चांदी धरून ठेवते,
त्याच्या अंगठ्यात तसे सहा.
तो तिथेच थांबला.
मेण सरळ खाली आलं, कुणाशी काही न बोलता.

मग युरिया.
त्याच्या स्फटिकांत सरळ साखळ्या बसतात,
वाकड्या, फांद्या फुटलेल्या, वेटोळ्या बाहेर राहतात, धुतल्या जातात.
डोंगर गेला.
दुसऱ्या आलेखात सपाट जमीन आणि तीन सुळके,
मधला सगळ्यांत उंच.

नायट्रोजनच्या बारीक फुंकरीखाली हेक्सेन उडून गेलं.
कुपीच्या तळाशी काही दिसत नाही.
नुसत्या डोळ्यांनी ती रिकामीच आहे.
तरी झाकण लावलं, नाव लिहिलं:
ऐरोली, ९४.

वापरलेला कॉलम घातक कचऱ्याच्या पिंपात टाकायचा असतो.
टाकला.
टाकताना फॉइल कुठेतरी फाटली असणार.
संध्याकाळी ऐरोलीला उतरून सुट्टे पैसे मोजताना दिसलं,
उजव्या अंगठ्यावर काळा डाग,
साबणानं न जाणारा.
भाजीवाली म्हणाली, मत देऊन आलात का?
म्हटलं, तसंच काहीतरी.